वकीलपत्र मागे घेण्यापूर्वी

इतकी वर्षे उलटली, तरी त्या अपिलाचा दिवस मनातून जात नाही. सत्तरचे दशक नुकतेच लागले होते. कलकत्त्यात बॉम्ब फुटत होते आणि दाढी वाढवलेला प्रत्येक तरुण पोलिसांना संशयित वाटे. शहराच्या दक्षिणेला, नदीकाठच्या एका ठाण्याचा ताबा मी घेतला, तेव्हा हे प्रकरण अपिलात होते.

तागाच्या गिरणीतल्या एका कामगाराला तांब्याच्या तारेच्या चोरीत तुरुंगाऐवजी परिवीक्षा मिळाली होती. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर बाहेर राहायचे, पण परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही. खबऱ्याने टीप दिली, की हा वेष पालटून नदीपलीकडे हावड्याच्या बाजूला फिरतो. ठाण्यातल्या बिहारी हवालदाराने त्याला घाटावरच धरले. नदी ओलांडल्याचे त्याने लगेच कबूल केले, पुढे अवाक्षर नाही. परिवीक्षा रद्द होऊन तो तुरुंगात गेला.

अपिलाला त्याचा वकील उभा राहिला तो वकीलपत्र मागे घ्यायलाच. अशिलाने सगळे कबूल केले आहे, अपिलात दम नाही, असे तो म्हणाला. न्यायाधीशांनी ऐकून घेतले.

"जा, पण आधी याच्या बाजूने जे सांगता येईल ते शोधून सांगा. तुमच्याशिवाय याला कोणी नाही."

वकील कुरकुरत पंचनामा वाचू लागला. अनवाणी, दाढी वाढलेली, अंगावर न शिवलेले एकच वस्त्र, गळ्यात घरफोडीची लोखंडी किल्ली. तिथे तो थांबला. आरोपीकडे वळून त्याने बंगालीत विचारले, "वडील की आई?"

"आई."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अंगावर दिसत होतं की. वेगळं काय सांगायचं?"

बंगाल्यांत आईवडील गेले की मुलगा श्राद्धापर्यंत दाढी करत नाही, गळ्यात लोखंड बांधतो. हवालदाराच्या गावी आणि आपल्याकडेही डोके भादरतात. त्याने सुतक पाहिले आणि वेषांतर लिहिले.

कोर्टाच्या हुकुमावरून मी पलीकडच्या गावी जाऊन खात्री केली. आई खरोखरच गेली होती. रद्द झालेली परिवीक्षा पुन्हा लागू झाली. त्या वकिलाने भर कोर्टात अशिलाची माफी मागितली, आणि न्यायाधीशांइतकाच तोही मला मोठा वाटला.

'कुठे गेला होतास' एवढ्यावर चौकशी भागत नाही, हे मी तिथे शिकलो. पुढे प्रत्येक संशयिताला मी आधी घरची खुशाली विचारत असे. सराईत खोटारडेही त्याचे उत्तर बहुधा खरे देत.

सुटल्यावर तो माणूस सरळ ठाण्यात आला. त्याला पुन्हा नदी ओलांडायची परवानगी हवी होती. आईचे श्राद्ध राहिले होते.