क्रोमियमचं बंद घर

कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये टेस्ट ट्यूब धुताधुता किस्से कधी साठत जातात, कळत नाही. नळ बंद केला की पलीकडच्या वर्गातलं सगळं ऐकू यायचं; मध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. मी मॅट्रिक. पण अकरावीचा अणू दरवर्षी ऐकला.

त्या वर्षी सावंत सर लांज्याहून आले, तेही एका वर्षाच्या ऑर्डरवर. तपासणीला पाहुणे येणार, त्यांचा तास बघणार, मगच नोकरी पक्की. सर हुशार, पण मोठ्या माणसांसमोर त्यांचा आवाज बसायचा. प्रिन्सिपॉलसाहेबांना ते 'गुड मॉर्निंग'सुद्धा मनातच म्हणायचे.

*

वर्गात मात्र छान बोलायचे. क्वांटम नंबर शिकवताना म्हणाले, "इलेक्ट्रॉनचा पत्ता चार ओळींचा. गाव, वाडी, घर आणि माणूस. चारही ओळी सारख्या असलेले दोघे एका अणूत नसतात."

देवरुखकडची एक मुलगी उठली. "सर, आमच्या वाडीत एकाच घरात दोन सखाराम हायत. मुंबईचं पत्र आलं की दोघंही फोडायला धावायचे."

"मग?"

"आता पत्रावर थोरला की धाकटा, ते लिहून येतं."

"तोच चौथा क्वांटम नंबर."

"आणि तिसरा सखाराम आला तर?"

"त्याला दुसरं घर."

*

लॅबच्या मागे चहाला तीन बाकडी होती. देसाई मॅडम, म्हणजे आमच्या हेड, एकावर. फिजिक्सचे सर दुसऱ्यावर, सावंत सर तिसऱ्यावर. एकदा ऑफिसातले क्लार्क आले, इकडेतिकडे बघून मॅडमच्या बाकड्याच्या टोकाला बसले.

"नायट्रोजनचा ऑक्सिजन झाला. तीन घरांत एकेक होता, चौथ्याला जोडीने बसावं लागलं," सावंत सर कपात पुटपुटले.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हेच तपासणीच्या दिवशी मोठ्याने बोला. नाहीतर जूनमध्ये बाकडं रिकामं."

*

सरांनी आंब्याच्या पेटीच्या फळ्यांचा बोर्ड केला होता. त्यात चौकोनी घरं. इलेक्ट्रॉन म्हणून चिंचोके. कीड लागू नये म्हणून मी ते भाजून ठेवले.

एकदा तांब्याचे एकोणतीस मांडले होते, तासाला अठ्ठावीसच भरले.

"सर, अठ्ठावीस म्हणजे तांब्याचं निकेल झालं?" मी विचारलं.

"नाही काकी. केंद्रक तेच आहे. एक इलेक्ट्रॉन गेला, नुसता आयन झाला."

शिपाई दामू दारात उभा होता. म्हणाला, "भाजलेला होता म्हणून खाल्ला."

*

तपासणीच्या दिवशी पाहुणे मागच्या बाकावर बसले, शेजारी प्रिन्सिपॉलसाहेब. सरांनी एका मुलाला क्रोमियम मांडायला सांगितलं. त्याने नियमाप्रमाणे एका वाडीतल्या एकुलत्या घरात दोन चिंचोके ठेवले आणि शेजारच्या वाडीच्या पाच घरांत चार.

"हे बरोबर आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. देसाई मॅडम जमिनीकडे बघायला लागल्या.

चिंचोक्यांचा डबा माझ्या हातात होता. मी पुढे गेले आणि दोघांतला एक चिंचोका उचलून पाचव्या घरात ठेवला.

"बाई, तुम्ही कोण?"

"टेस्ट ट्यूब धुते."

"मग हा का हलवलात?"

"पाचातलं एक घर बंद होतं. शेजारी एका घरात दोघं. त्यातला एक इकडे आला की पाची घरांत दिवा लागतो, अणू निवांत राहतो."

पाहुण्यांनी चष्मा पुसला. "आणि कॉपरमध्ये?"

सगळा वर्ग माझ्याकडे वळला.

"थांबा काकी," सावंत सर म्हणाले. "हे मी सांगतो."

घंटा झाली. सर थांबले नाहीत, पाहुणेही उठले नाहीत. दामूला वाटलं, कोणाला ऐकूच गेली नाही. त्याने पुन्हा दिली.