गुरुवारचं प्रदर्शन

उदगीरच्या बसस्थानकावरून निघाले तेव्हा माझ्याकडे दोन पिशव्या आणि एक गुंडाळी होती. पिशव्यांत कपडे आणि भांडी, गुंडाळीत कोरे कागद. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पिशव्या बसमध्ये चढवल्या. गुंडाळी माझ्याच हातात ठेवली. ते शिंपी आहेत, मोजकं बोलतात. खिडकीपाशी येऊन म्हणाले, "नोकरी सोडू नको. चित्रं सुट्टीच्या दिवशी काढ." 

त्याला अकरा वर्षं झाली. उदगीरला राहिलेल्या मैत्रिणी फोनवर विचारतात, चित्रांचं काय झालं. माझ्यासारख्या पुण्याकडे आलेल्या विचारत नाहीत. त्यांना वाटतं, सुटलं असेल. दोन्हीकडच्या मैत्रिणींसाठी लिहिते. सुटलेलं नाही.

अण्णांच्या मनात रविवार होता. उदगीरला रविवारी त्यांच्या मशीनवर चादर टाकलेली असायची आणि घरात कुणी घड्याळाकडे बघत नसे. चाकणच्या ज्या कंपनीत मी लागले तिची सुट्टी गुरुवारी असते. मी राहते त्या तळवड्यातले कारखान्यांचे गाळेही गुरुवारीच बंद. दवाखाना, किराणा, मुली बघण्याचे कार्यक्रम, सगळं गुरुवारी. पहिली दोन वर्षं रविवारी शिफ्टला जाताना ती चादर आठवायची. मग आठवेनाशी झाली.

कंपनीत माझं काम तपासणीचं. गाड्यांचे रंगवलेले बंपर ट्यूबलाइटच्या रांगेखाली तिरके धरून बघायचे. रंगात धुळीचा कण अडकला असेल, ओघळ आला असेल, तर तिथे स्टिकर लावून बंपर रिवर्कला पाठवायचा. नाहीतर ओके.

चित्रांसाठी तळवड्यात एक छोटा गाळा भाड्याने घेतला. मालक तात्या. गाळे उभे राहिले ती जमीन त्यांच्या वडिलांनी कसलेली. त्यांनी विचारलं, "गाळा कशाला पायजे?"

"मी पेंटर आहे."

"मंग शटरला रंग मारून दे की, पोरी. गंजून गेलंय."

मी मारून दिला. हिरवा. तात्यांनी तो जवळून बघितला, लांबून बघितला आणि म्हणाले, "हात चांगला हाय तुझा." या शहरात माझ्या कामावर कुणी दिलेला हा पहिला अभिप्राय.

त्या गाळ्यात तीन वर्षांत नऊ चित्रं झाली, सगळी कंपनीतल्या बायकांची. सगळ्यांत मोठ्या चित्रात कंपनीची बस आहे. फर्स्ट शिफ्ट सुटली आहे, भर दुपार आहे आणि आठ बायका बसल्या जागी झोपल्या आहेत. पुढच्या सीटवर सुनंदाताई. त्या जालन्याच्या, पॅकिंगला आहेत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काढ. पण जिथे लोकांना दाखवशील तिथेच, त्यांच्या आधी, मी बघणार. मोबाइलमध्ये नाही, समोर उभी राहून." बाकीच्या सातजणींनीही हीच अट घातली. मी शब्द दिला.

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका गॅलरीने मला पहिलं स्वतंत्र प्रदर्शन देऊ केलं. शुक्रवार ते रविवार, दुपारी चार ते आठ, उद्घाटन शनिवारी संध्याकाळी. त्या आठवड्यात आमच्या बायका सेकंड शिफ्टला होत्या. तिन्ही दिवस त्या वेळी लाइनवर. प्रदर्शन गुरुवारी सुरू करता येईल का, असं मी गॅलरी चालवणाऱ्या मॅडमना विचारलं.

"गुरुवारी कोण येतं गं? घेणारी माणसं शनिवारीच येतात."

"ज्यांची चित्रं आहेत त्या येतील."

"त्यांना आपण छान व्हिडिओ पाठवू ना. अगं, लोक अशा संधीसाठी वर्षानुवर्षं थांबतात."

ते खरं होतं. मीही थांबले होते. त्यांनी विचार करायला दोन दिवस दिले. दुसऱ्या दिवशी मी फोन करून नाही म्हणाले. त्या तारखा दुसऱ्या चित्रकाराला गेल्या.

सुनंदाताई चिडल्या. "येडी आहेस का? आमच्या झोपेपायी एवढं सोडलंस?"

"शब्द दिला होता."

"मग आता कुठे दाखवणार?"

"गाळ्यात. गुरुवारी."

तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "परदर्शन? म्हंजे सेल का?"

"नाही तात्या. नुसतं बघायचं."

"नुसतं बघाया कोन येतंय?" असं म्हणत त्यांनी घरच्या दहा खुर्च्या आणून टाकल्या.

गुरुवारी सकाळी अकराला वीज गेली. आमच्या भागात दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतात. हे मला माहीत होतं; गुरुवारी मी शटर उघडं ठेवून त्या उजेडातच काम करते. पण त्या उजेडात एक चित्र मावतं, नऊ मावत नाहीत, हे ध्यानात आलं नव्हतं. बसचं चित्र मागच्या भिंतीवर काळोखात होतं. आठही बायका आल्या होत्या, कुणाबरोबर नवरा, कुणाबरोबर सासू. एकीने मोबाइलचा टॉर्च लावला तर तैलरंग नुसता चमकला.

"बंद कर ते," सुनंदाताई म्हणाल्या. "बंपर कधी टॉर्चने बघतात का? बाहेर काढा सगळं."

बायकांनी पदर खोचले आणि चित्रं उचलली. गल्लीतली सगळी शटर बंद होती. एकेका शटरला एकेक चित्र टेकवलं. तात्या मधोमध खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या मोटरसायकलींना थांबवू लागले. "हळू, भाऊ, हळू. चित्रं हायेत."

बायका सवयीप्रमाणे माना तिरप्या करून चित्रं तपासत होत्या. सुनंदाताई बसच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"तोंड उघडंच आहे माझं."

"हो."

"असू दे. झोपल्यावर कुणाचं मिटतं?" मग त्यांनी कोपऱ्यात बोट नेलं. "इथे धूळ बसलीय बघ रंगात. रिवर्क?"

सगळ्या हसल्या. धूळ होती, उघड्या शटरमधून आलेली, याच गल्लीची.

"नाही," मी म्हणाले. "ओके आहे."

कंपनीत हा शब्द उच्चारायला मला कुणीतरी ठरवून दिलेलं माप लागतं. तिथे लागलं नाही.

त्या दिवशी एकही चित्र विकलं गेलं नाही. निगडीहून आलेल्या दोघांनी नंबर घेतला, फोन अजून आलेला नाही. गॅलरीकडूनही पुन्हा काही कळलेलं नाही. सध्या दहावं चित्र सुरू आहे.

त्याच गुरुवारी संध्याकाळी अण्णांचा फोन आला. गॅलरीने बोलावल्याचं मी त्यांना कळवलं होतं, नकाराचं नाही. "पुण्यात भरलं का प्रदर्शन?"

"नाही अण्णा. घरी भरवलं."

"घरी?" ते गोंधळले. "अगं, आम्ही सकाळपासून घरीच आहोत."

मी तळवड्यातल्या गाळ्याचा पत्ता सांगितला. त्यांनी आईकडून पेन मागून घेतलं आणि दोनदा विचारून तो लिहून घेतला.