शैलाच्या कानाची वायर

यशोदाबाईंना एक खोड होती. समोरचा माणूस बोलायला लागला की त्यांचेही ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. विहारात वंदना चालू असली तर ते खपून जायचं, तिथं सगळ्यांचेच हलतात. पण रेडिओवरच्या बातम्या असोत, भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी शेजारीण असो, यशोदाबाईंचे ओठ आपले सोबत हजर. नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत बायका यावरून थट्टा करायच्या. "काय हो, माझ्या तोंडातलं तुमच्या तोंडात कसं जातं?" असं कुणी विचारलं की त्या चपापून ओठ मिटायच्या, आणि ती बाई पुढचं वाक्य बोलली की पुन्हा चालू.

ही खोड सायखेड्याची, माहेरची. पोरीच्या जातीनं मोठ्यानं बोलायचं नाही, असा त्यांच्या बापाचा दंडक होता. बोलणं बंद झालं, पण गप्प बसणं काही त्यांना साधलं नाही. ओठ तेवढे शिल्लक राहिले.

नवरा सावळीराम सरकारी कचेरीत कारकून. घराण्यात पहिला मॅट्रिक झालेला माणूस. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, आणि बोलणं कागदावर टाईप केल्यासारखं. शिक्षण म्हणजे त्यांचा श्वास होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा बारशाआधीच त्यांनी तिची शाळा ठरवून टाकली होती. स्टेशनापलीकडची, मोठ्या पटांगणाची. त्यांना स्वतःला लहानपणी तशा शाळेच्या फाटकाबाहेरून आतली प्रार्थना ऐकावी लागली होती, आणि ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

मुलीचं नाव शैला. चालायला लागली आणि तिला ताप भरला. ताप उतरला, पोर वाचली, पण कान घेऊन गेला. ट्रकचा भोंगा, अगदी जवळ वाजवलेली थाळी, एवढंच काय ते पोहोचायचं. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. काडेपेटीहून थोडं मोठं असं ते डबडं छातीवर बांधायचं, त्यातून निघालेली वायर मानेवरून कानातल्या बटणापर्यंत न्यायची. यशोदाबाईंनी जुन्या पोलक्याची पिशवी शिवली, तिला नाड्या लावल्या. मशीन देताना डॉक्टर स्पष्टच बोलले होते, "यानं थोडा आवाज येईल, बोलणं कळेलच असं नाही. पुण्याला अशा मुलांची शाळा आहे, वसतिगृह आहे. वेळेत घाला. तिथं शिकेल."

सावळीरामांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. आणि खरं सांगायचं तर यशोदाबाईंनीही. शैला झोपताना आईच्या गळ्यावर हात ठेवायची. आई काही बोलली की गळा थरथरायचा, ते तिला फार आवडायचं. ते पोर पुण्याला कुणाच्या गळ्यावर हात ठेवून झोपणार होतं?

वर्षं गेली. शैला सात वर्षांची झाली. चार-दोन शब्द जाड आवाजात बोलायची, बाकी हातवारे. शाळेचं वय उलटत चाललं होतं, आणि अशात शेजारच्या चाळीतला उपेंद्र या गोष्टीत शिरला.

उपेंद्र सातपूरच्या कारखान्यात होता. एकटा जीव. पगार झाला की काहीतरी परदेशी आणायचा. घरात बसायला खुर्ची नव्हती, पण स्टिरिओ होता आणि त्याला जोडलेला, दोन्ही कान झाकणारा हेडफोन होता. एका रविवारी त्यानं सावळीरामांना बोलावून घेतलं. यशोदाबाई शैलाला घेऊन मागोमाग गेल्या.

"दादा, हेडफोन तोच," उपेंद्र म्हणाला, "फक्त वायर बदलली. कुवेतहून दाजींनी पाठवलीय. चांदीचा मुलामा आहे आत. गाणं कसं उघडलंय बघा."

सावळीरामांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले. मग त्यानं जुनी वायर लावली, मग परत नवी. दर वेळी कुठली लावली ते आधी सांगायचा.

"जमीन-अस्मानाचा फरक आहे," सावळीराम म्हणाले.

मग वहिनींची पाळी. यशोदाबाईंनी ऐकलं. जुनं ऐकलं, नवं ऐकलं. त्यांना दोन्ही वेळा तेच गाणं ऐकू आलं. पण दोन पुरुष तोंडाकडे बघत होते, पोरगा एवढ्या हौसेनं दाखवत होता.

"हाय की फरक," त्या म्हणाल्या. "लय साफ येतंय."

हे वाक्य त्यांना पुढं जन्मभर बोचलं. कारण ते ऐकताच सावळीरामांची नजर शैलाच्या छातीवरच्या मशीनकडे गेली. उपेंद्रच्याही ते लक्षात आलं. तो मनाचा चांगला होता. त्याच आठवड्यात त्यानं आपल्या लाडक्या वायरीचा तुकडा कापला, मशीनच्या जुन्या वायरीची दोन टोकं त्याला डाग देऊन जोडली, आणि शैलाच्या कानाला परदेशी वायर लागली.

संध्याकाळी परीक्षा झाली, नेहमीचीच. चटईवर वाटी, चमचा, कंगवा, कांदा, फणी, चेंडू असं मांडून शैलाला बसवायचं. पाठीमागे उभे राहून सावळीराम एकेक नाव घ्यायचे. जुन्या वायरीवर शैला नुसती भांबावून बघायची. तेव्हा ही परीक्षा सावळीराम एकटेच, यशोदाबाई चुलीशी असताना घ्यायचे. नव्या वायरीच्या दिवशी मात्र यशोदाबाई मुद्दाम समोर येऊन बसल्या. त्यांनाही बघायचं होतं ना.

"कंगवा," सावळीराम म्हणाले. शैलानं कंगवा उचलला.

"वाटी." वाटी उचलली.

"कांदा." कांदा.

सावळीरामांनी शैलाला उचलून घेतलं, उपेंद्रला हाक मारली, कॉलनीत पेढे वाटले. रोज संध्याकाळी तोच सोहळा. लोक बघायला यायचे, वायरीला हात लावून बघायचे. सावळीरामांनी शाळेत जाऊन मोठ्या बाईंची वेळही ठरवून आणली. यशोदाबाईंना इतकं सुख लग्नानंतर पहिल्यांदाच लाभलं होतं. पोर घरी राहणार होती.

ते मोडलं मशेरीमुळे. एका संध्याकाळी मशेरी लावायला त्यांना उशीर झाला. परीक्षेची वेळ झाली तेव्हा बोट तोंडात, दुसऱ्या हातानं पदर तोंडापुढे. तशाच समोर येऊन बसल्या.

"चमचा," सावळीराम म्हणाले.

शैला आईकडे बघत राहिली. "चमचा," ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. शैलानं मान वाकडी केली, आईच्या पदराच्या कडेनं डोकावल्यासारखी. मग काहीतरी उचलायचं म्हणून चेंडू उचलला.

"सेल उतरला वाटतं," सावळीराम म्हणाले आणि नवा सेल काढायला गेले. तेवढ्यात यशोदाबाई मोरीत जाऊन चूळ भरून आल्या. सेल बदलला, परीक्षा पुन्हा झाली, शैलानं एकूण एक वस्तू बरोबर उचलली. सावळीराम हसले. यशोदाबाई मात्र या वेळी शैलाकडेच बघत होत्या. शैलाचे डोळे वस्तूंवर नव्हतेच. ते आईच्या ओठांवर होते.

दुसऱ्या दिवशी नवरा कचेरीत गेल्यावर त्यांनी स्वतःच करून बघितलं. शैलाच्या मागे जाऊन हाका मारल्या, नावं घेतली, ओरडल्या. पोर चेंडूशी खेळत राहिली. मग समोर येऊन, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाल्या, कंगवा. शैलानं हसत कंगवा आणून दिला.

संध्याकाळी त्यांनी सांगितलं. "आवो, तिला वायरीतून काय ऐकू येत नाय. ती माझं तोंड बघती. माझे व्होट हालतात."

"मग जुन्या वायरीवर का नाही जमलं?"

"तवा मी समोर नव्हते."

सावळीरामांनी यशोदाबाईंना स्वयंपाकघरात पाठवलं आणि दार लोटून परीक्षा घेतली. आतून त्यांना नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता. वाटी. वाटी. वाटी, शैला, वाटी. दार उघडलं तेव्हा सावळीरामांचा चेहरा उतरला होता.

"दमलीय ती," ते म्हणाले. "आणि वायरीचा डाग ढिला झालाय, उपेंद्रला दाखवतो. उपेंद्रच्या हेडफोनवर तू स्वतः म्हणालीस ना, फरक आहे म्हणून? तेव्हा तुझे ओठ कोण हलवत होतं?"

यशोदाबाईंना नवऱ्याचा राग आला, स्वतःचा त्याहून आला. पण सावळीरामांचे डोळे इतके केविलवाणे होते की तो राग धरवेना. शिकलेला, शहाणा माणूस, पण पोरीच्या बाबतीत त्याला समोरचं दिसत नव्हतं. दिसत असेलही कदाचित. त्याला ते मान्य करायचं नव्हतं.

शाळेत जायच्या दिवशी शैलाला नवा फ्रॉक घातला. मोठ्या बाईंचं नाव अनसूयाबाई. बोलायला मऊ, पण व्यवहाराला पक्क्या. "वर्गात साठ मुलं असतात," त्या म्हणाल्या. "बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात. मागून बोललेलं हिला कळायला हवं, एवढंच बघते." त्यांनी टेबलावर खडू, डस्टर, घंटा, कात्री अशा वस्तू मांडल्या, शैलाला बसवून तिथली एकेक गोष्ट नाव घेऊन दाखवली, आणि तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. सावळीरामांनी वायर चाचपली, सेल चाचपला, आणि यशोदाबाईंसाठी एक खुर्ची उचलून टेबलाच्या बरोबर समोर आणून ठेवली.

ती खुर्ची त्यांनी तिथंच का ठेवली, हे यशोदाबाईंनी त्यांना कधी विचारलं नाही.

त्या बसल्या. शैला त्यांच्याकडे बघून हसली. यशोदाबाईंच्या डोळ्यांपुढे साठ मुलांचा वर्ग आला, फळ्याकडे वळलेली पाठ आली, आणि मधल्या बाकावर इकडेतिकडे आईचं तोंड शोधणारी ही पोर आली. रोज. वर्षानुवर्षं. फक्त ओठ सैल सोडले की झालं, पोर आजची रात्र आपल्या गळ्यावर हात ठेवून झोपेल, उद्याचीही झोपेल. आपले ओठ आपल्या ताब्यात नाहीत हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पदराचा बोळा केला आणि दातांत धरला.

"घंटा," अनसूयाबाई म्हणाल्या.

शैला आईकडे बघत होती. "घंटा, बाळ." शैलाचं हसू गेलं. तिनं डोळे मोठे केले, मान पुढे काढली. सावळीराम भिंतीशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "शैलाची आई, पदर काढ." यशोदाबाईंनी दात अजून घट्ट आवळले. मग शैला उठली, टेबलाला वळसा घालून आली, आणि दोन्ही हातांनी आईच्या तोंडातला पदर ओढू लागली. ओढता ओढता रडू लागली. वायर कानातून सुटून लोंबत राहिली. यशोदाबाईंनी पदर सोडला नाही.

जूनमध्ये शैला पुण्याला गेली. वसतिगृहाच्या दारात तिनं आईकडे पाठ फिरवली ती वळली नाही.

ती शिकली. चांगली शिकली. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, पण त्या घरात हे कुणी बोलून दाखवलं नाही. सावळीराम म्हणायचे, त्या दिवशी वायरीनं दगा दिला. उपेंद्रनं नवा हेडफोन घेतला, त्यालाही वेगळी वायर लावली, आणि कॉलनीतल्या नव्या लोकांना बोलावून फरक ऐकवू लागला. यशोदाबाईंना त्यानं पुन्हा कधी बोलावलं नाही. त्या चारचौघांत पदर तोंडाशी धरून बसायला लागल्या होत्या. कॉलनीतल्या बायकांना वाटलं, मुलगी दूर गेली म्हणून.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात शैला सुट्टीला आली होती. पंधरा वर्षांची, आईपेक्षा उंच. सावळीराम कचेरीत. दोघी कुरडया घालून दमून गच्चीच्या जिन्यात सावलीला बसल्या होत्या. यशोदाबाईंना खोकला आला, त्यांनी पदर तोंडाशी नेला. शैला एकदम उठून उभी राहिली. मग परत बसली.

"मला माहीत होतं," ती तिच्या जाड, एकसुरी आवाजात म्हणाली. "वायरीतून काहीच येत नव्हतं. नवी काय, जुनी काय. तू सांगत होतीस, मी उचलत होते."

यशोदाबाईंचा पदर तोंडाशीच राहिला.

"बाबा खूश व्हायचे. आणि मला घरी राहायला मिळणार होतं. मला वाटलं, तू पण मुद्दाम करतेस. मला वाटलं, आपलं दोघींचं ठरलंय."

तिनं आईचा पदर बोटात धरला आणि सोडला.

"मग तू तोंड का झाकलंस?"

इतकी वर्षं यशोदाबाईंनी हे उत्तर मनात घोळवलं होतं. त्यांनी पदर खाली ठेवला, शैलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला, आणि सांगायला सुरुवात केली.

शैलानं डोळे मिटून घेतले.

यशोदाबाईंचे ओठ तरीही हलत राहिले.