रक्त पातळ ठेवणारी गोळी

लातूरच्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद टेबलावर पसरला आणि त्यावरच्या रेघांवर बोट ठेवलं. “या उड्या बघा. दोन सारख्या अंतरावर नाहीत. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.” मग सोपं करून सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथं साचतं, त्याची गुठळी होते. ती मेंदूत गेली तर लकवा मारतो.

आमचे मालक मन्मथअप्पा खाली मान घालून ऐकत होते. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ते कलेक्टर कचेरीत शिपाई म्हणून लागले होते. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात त्यांची ड्यूटी टँकरच्या नोंदीवर होती. दिवसभर उन्हात उभं राहायचं. “छातीत लई धडधड होऊन राहिली,” असं ते म्हणायचे आणि मी लिंबूपाणी द्यायची. ऊन लागलं असेल असंच आम्हाला वाटलं होतं.

त्या दिवसापासून वॉरफरिन नावाची गोळी सुरू झाली, रक्त पातळ ठेवणारी. सोबत दर महिन्याला आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. कमी पातळ झालं तर गुठळीचं भय, जास्त झालं तर रक्तस्रावाचं. गोळ्या मी द्यायची. मी हातावर ठेवलेल्या ते गिळायचे. कोणती कशाची, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

ते रिटायर झाले आणि आम्ही चाकूरला घरी आलो. मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत बस बंद झाल्या आणि महिन्याची तपासणी राहिली. एका सकाळी दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. लातूरला न्यावं तर दवाखाने कोरोनाच्या माणसांनी भरलेले. गल्लीतून धडधाकट गेलेली दोन माणसं परत आली नव्हती. रक्त फार पातळ झालं असेल, चार दिवस थांबू, असं मी मनानंच ठरवलं आणि वॉरफरिन बंद केली. बाकीच्या गोळ्या चालू ठेवल्या. हे कुणालाच सांगितलं नाही. हिरड्या बऱ्या झाल्या. चाराचे बारा दिवस झाले.

तेराव्या दिवशी त्यांना ताप आला. तपासणीत कोरोना निघाला. लातूरला खाट मिळेना, म्हणून धाकटे दीर काशिनाथ यांनी जीप करून आम्हाला नांदेडला नेलं. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आहे ना? काशिनाथ शेजारी उभे होते. मी म्हटलं, “हाव, रोज.”

आयएनआरचा रिपोर्ट बघून डॉक्टर बुचकळ्यात पडले. रोज गोळी घेणाऱ्याचं रक्त इतकं लवकर गोठत नाही, म्हणाले. त्यांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली. तिसऱ्या दिवशी मालकांचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. गुठळी मेंदूत गेली होती. मला आत सोडत नव्हते. मी बाहेरच्या बाकावर बसून होते.

सतरा दिवसांनी त्यांना घरी सोडलं. त्याआधी तिथल्या एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. ज्यांच्या हृदयाचा ताल बिघडलेला आहे, त्यांना कोरोनात काय होतं, यावर त्या संशोधन करत होत्या. यांच्या आजाराची माहिती घेऊ का, नाव कुठं येणार नाही, असं विचारून त्यांनी कागदावर माझी सही घेतली. त्या कागदातही ‘गोळी रोज चालू’ असंच गेलं.

चार महिन्यांनी आम्ही पुन्हा तपासणीला गेलो. मालक चाकाच्या खुर्चीत, काशिनाथ त्यांच्या मागं. बाईंनी जुना कागद काढून वाचला आणि म्हणाल्या, “मावशी, तुमच्या यांची केस आमच्यासाठी महत्त्वाची आहे. गोळी नियमित घेऊनही गुठळी झाली. कोरोनात ही गोळी लागू पडत नाही की काय, ते आम्हाला बघावं लागेल.”

मी विचारलं, मग पुढच्या पेशंटला तुम्ही ती देणार नाही का? त्या म्हणाल्या, एका केसवर काही ठरत नाही, पण अशा नोंदींवरूनच पुढं ठरतं.

मालकांचा डावा हात माझ्या हातात होता.

“बाई, ते खोडा,” मी म्हटलं. “गोळी चालू न्हवती. मी बंद केली. बारा दिवस.”

खुर्चीमागं काशिनाथ ऐकत होते. मालकांना बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. त्यांनी हात काढून घेतला.

बाईंनी का, कधी, किती दिवस ते विचारलं. मी सांगत गेले. जुनी ओळ खोडून त्यांनी नवी लिहिली. मी विचारलं, गोळी दिली असती तर हे टळलं असतं का? त्या म्हणाल्या, “टळलं असतं असं मी सांगू शकत नाही. टळलं नसतं असंही नाही.” मग म्हणाल्या, “पण त्या दिवसांत फोन करून विचारायला तुमच्याजवळ एक नंबरसुद्धा नव्हता. तेही मी लिहिते.”

घरी आल्यावर आठ दिवस मालकांनी माझ्या हातचा घास घेतला नाही. जाऊबाई भरवायच्या. नवव्या दिवशी त्या माहेरी गेल्या होत्या. मी ताट घेऊन बसले तर मालकांनी तोंड उघडलं. तेव्हा मी रडले. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही, आणि ते सांगू शकत नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं शेतात समाधी दिली.

हे मी कशासाठी लिहिते? तुमच्या घरी अशी गोळी चालू असेल तर रक्त आलं म्हणून मनानं बंद करू नका, आणि थोडंच आलं म्हणून न विचारता चालूही ठेवू नका. त्याच दिवशी विचारा. आणि केलंच असेल काही, तर डॉक्टरांना खरं सांगा. लाज वाटली तरी सांगा. मला चार महिने लागले. खोडायला जागा ठेवणाऱ्या त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या वर्षी काशिनाथ यांच्या हृदयाचा ताल बिघडल्याचं निघालं. आजार तोच. दवाखान्यातून ते घरी न जाता थेट माझ्याकडं आले आणि औषधांची पिशवी माझ्यापुढं ठेवली.

“वहिनी, गोळ्याचं तुम्हीच बघा,” म्हणाले.

मी पिशवी घेतली. त्यांनी मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही.