आईला मी बांधून ठेवत असे

हे लिहायला हात धजत नव्हता, कारण यात माझी लाज आहे. आई तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. एकाच वर्षात ती दोनदा पडली. एकदा न्हाणीत घसरून, एकदा पायपुसण्यात पाय अडकून. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले, "आता जपा. खुब्याचं हाड गेलं तर उठणं कठीण." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

घरात आम्ही दोघीच. मी मारेगावला सरकारी कचेरीत कारकून. कापसानं माणसं खचवलेली ती वर्षं. कचेरीत रोज कुठल्या ना कुठल्या गावची वाईट बातमी यायची, पंचनाम्यांचे कागद संपायचे नाहीत. आणि लिहिता लिहिता माझ्या मनात एकच फिरायचं, आई उठली असेल का, पडली असेल का. सकाळी दत्तापुढे दिवा लावताना मागणं तेच: देवा, तिला पडू देऊ नकोस. मागायची, पण विश्वास ठेवायची नाही. हात जोडून झाले की जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन आईची कंबर खाटेला बांधायची. "मी येईपर्यंतच हं, आई." ती भिंतीकडे बघत राही. शेजारच्या काकूंना डोकावता यावं म्हणून दार नुसतं लोटून मी निघायची.

दोन महिन्यांत आईचे पाय काडीसारखे झाले. धरून उभं केलं तरी ती थरथरायची. मला वाटायचं, बघा, बांधते तेच बरं.

एका दुपारी जीव इतका कासावीस झाला की एकाच नोंदीत तीनदा खाडाखोड केली. काकू त्या दिवशी वणीला गेलेल्या. साहेबांना सांगून निघाले. विक्रीला आलेल्या कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत लागली होती. त्यातून वाट काढत घरी पोचले तर दार सताड उघडं. खाट रिकामी. पट्टी जमिनीवर.

मागच्या अंगणात आई चालत होती. साठीची एक बंजारा बाई तिचे दोन्ही हात धरून, स्वतः उलट्या पावलांनी मागे सरकत होती. "चाल याडी, चाल," असं म्हणत होती. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"कोण तुम्ही?" मी ओरडलेच.

"गाडीवर बसून घसा सुकला, पानी मांगाले आलती बाई. आतून आवाज आयकला. हिले मोरीत जाचं होतं." मग हळूच म्हणाली, "ढोरालेई आमी दिसभर बांधून ठेवत नाई."

मी ओट्यावर बसले. रडू आवरेना. "पडेल हो ती. मला भीती वाटते."

"बसून बसून पाय इसरतेत, मंग मानूस पडतेच. रोज चालव. भेव वाटते त संगं चाल."

तिनं आईला खुर्चीत बसवलं. विटेचा तुकडा घेऊन न्हाणीतलं शेवाळ खरवडून काढलं, पायपुसणं उचलून बाहेर टाकलं. भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "इथं धराले काईतरी लाव." तेवढ्यात रस्त्यावरून तिला हाक आली, गाड्या पुढे सरकत होत्या. मी चहा टाकेपर्यंत ती गेलीसुद्धा. नाव विचारायचं राहून गेलं. संध्याकाळी भाकरी बांधून सगळ्या रांगेत शोधलं. सापडली नाही.

याला मी चमत्कार म्हणत नाही. तहानलेली बाई पाणी मागायला आली, एवढंच घडलं. पण गल्लीत इतकी दारं असताना ती आमच्याच दारात का आली, हे मला अजून सांगता येत नाही.

गवंड्याकडून न्हाणीत लोखंडी दांडी बसवून घेतली. सकाळ-संध्याकाळ आई टेबल धरून खुर्चीतून उठायची, बसायची. आधी चारदा, मग दहादा. दुपारी काकू तिला अंगणात फिरवू लागल्या. माझी तगमग मात्र लगेच गेली नाही. तिच्या मागे मी हात पसरूनच चालायची. देवापुढचं मागणं तेवढं बदललं. पडू देऊ नकोस, असा हट्ट उरला नाही. तू आहेस, मी तिच्यासोबत आहे, पुढचं तुझ्यावर, एवढंच म्हणायची.

दत्तजयंतीला आई म्हणाली, "मले देवळात जाचं हाय." पायऱ्यांपाशी कठड्याला हात लावून ती थांबली. "हात सोड माहा."

मी हात सोडला. देवाला त्याहून अवघड असं मी काही वाहिलं नाही. एकेक पायरी चढत ती वर पोचली आणि मागे वळून हसली.

"आता तू काहून खाली उभी? ये ना."