‘खाली’चे दोन अर्थ

सुरक्षा सप्ताहात आमच्या भोपाळच्या कारखान्यातली सगळ्यात असुरक्षित वस्तू म्हणजे सुरक्षा सप्ताहाचा मांडव. तो बांधणारी माणसं हेल्मेट न घालता एकमेकांच्या खांद्यावर चढून बांबू बांधत, आणि त्यांच्यामागे ‘सुरक्षा सर्वप्रथम’ असा फलक असे. मी सुरक्षा विभागात होतो. फलकावरचं शुद्धलेखन तपासणं हे माझं काम होतं. खांद्यावर उभी असलेली माणसं कंत्राटदाराची होती.

त्या वर्षी विषय होता थकवा आणि अपघात. पाहुणे बाहेरून येणार होते. आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावून एकच सूचना दिली : “पंडाल ख़ाली नहीं दिखना चाहिए।” मग मी कारखान्याच्या प्रत्येक शॉपमधून कोण कोण येईल याची यादी केली. तिसऱ्या शॉपमधून पहिल्या पाळीचा क्रेनचालक घेतला, कारण तो उंच होता आणि पुढच्या रांगेत बरा दिसला असता. यादी चांगली झाली. त्याच्या जागी क्रेनवर कोण बसणार, हा रकाना त्या यादीत नव्हता.

बसला तो रात्रपाळीचा चालक. रात्रभर क्रेन चालवून झाल्यावर त्याला ‘डबल’साठी, म्हणजे लागून पुढच्या पाळीसाठी, थांबवून घेतलं होतं.

हा गृहस्थ अमरावतीकडचा. भोपाळात तीस वर्षं, सोनागिरीत घर, निवृत्तीला दीड वर्ष. रात्रपाळी असो की पहिली, सकाळी पाळी बदलायच्या वेळी गेटजवळच्या टपरीवर आम्ही पंधरा मिनिटं चहा घ्यायचो. माझं दिवसभराचं मराठी तेवढंच. माझी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी आमच्या पुण्याला गेली होती. तो नातू आता शाळेत जायला लागला आहे, ती अजून तिथेच आहे. भांडण काही नाही. भांडायलाही एका गावात असावं लागतं. कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये मी कुकरशीही हिंदीत बोलत असे, कारण तो इथलाच होता.

त्या सकाळी टपरीवर चालकाचे डोळे लाल होते.

“घरी नाही गेलात?” मी विचारलं.

“कसा जाऊ साहेब? माह्या जागी येनारा आज तुमच्या मांडवात बसते. तो खाली सुरक्षेची शपथ घेईन, मी वर बसून पाळीन.”

मी हसलो. चांगला विनोद होता. पुढे बराच काळ मला त्या दिवसातलं सगळ्यात स्पष्ट हेच आठवत राहिलं, की मी हसलो होतो.

पाहुणे पाऊण तास उशिरा आले आणि थकव्यावर तासभर बोलले. तिसऱ्या रांगेपासून मागे माणसं झोपली होती. त्यातले निम्मे रात्रपाळी करून थेट खुर्चीत आले होते, आणि पाहुण्यांच्या म्हणण्याला त्यांच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नव्हता. शपथेच्या वेळी त्यांना उठवण्यात आलं. हात पुढे करून आम्ही सगळे सुरक्षित राहण्याची शपथ घेत होतो, तेव्हा तिसऱ्या शॉपमधून एक माणूस धावत आला.

झालं होतं ते असं. क्रेनला एक भलंमोठं लोखंडी झाकण लटकलं होतं. ते खाली लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचं होतं. खालचा माणूस, जुन्या भोपाळातला, वाकून ठोकळा सरळ करत होता. नियमाप्रमाणे क्रेनला हाताने खुणा करायच्या असतात. पण ज्याचे दोन्ही हात ठोकळ्यावर आहेत तो खूण कशाने करणार? त्यामुळे सगळे ओरडूनच काम भागवत. तोही ओरडला, “अभी जगह ख़ाली नई है!” म्हणजे जागा अजून मोकळी नाही. त्या गोंगाटात वर केबिनमध्ये एकच शब्द पोचला. खाली. चालकाने झाकण खाली सोडलं.

त्या माणसाने हात ओढून घेतला. हातमोजा झाकणाखाली राहिला.

मी पोचलो तेव्हा चालक शिडीच्या पायथ्याशी बसला होता आणि वाचलेला माणूस त्यालाच पाणी पाजत होता. “को खां, तुम तो आज दस्तानों की जोड़ी तोड़ दिये,” तो भोपाळी ढंगात म्हणत होता. “एक दस्ताना अब किस काम का?” कोणी हसलं नाही.

मी चालकाला बाजूला घेतलं. “तो हिंदीत बोलत होता.”

“मले मालूम हाये ना साहेब. तीस वर्सं झाली, तो हिंदीतच बोलते.” तो आपल्या हातांकडे पाहत होता. “पन त्या वक्ती मायनं हाक मारल्यावानी आलं. खाली. अन् हात चालला.”

मला ते लगेच पटलं. माणूस दमला की उसनी भाषा आधी गळून पडते. माझंही तसंच होतं. ताप आला की मी डॉक्टरला मराठीत सांगायला लागतो. पण हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

विभागप्रमुखांना रकान्याची अडचण नव्हती. “ऑपरेटर की चूक। एक लाइन की रिपोर्ट है।” तसं लिहिलं असतं तर त्याच्यावर आरोपपत्र निघालं असतं, आणि निवृत्तीच्या तोंडावर माणूस निलंबित झाला असता. मी ठरवलं की तास लिहायचे. रात्रपाळी, तिच्यावर डबल, आणि डबल कशासाठी तेही.

मी काय लिहिणार ते ऐकून चालक दुपारी माझ्या टेबलाशी आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

“साहेब, चुकलो लिहा. थकलो लिहू नका.”

“अहो, चूक लिहिली तर निलंबन आहे.”

“भोगीन. चुकलेल्या मानसाले परत बसवते. थकलेल्याले नाही बसवत. आमच्या घरी बुढा थकला म्हनते, तवा त्याची खाट वसरीत टाकते.”

“तुम्ही सोळा तासांच्या घरात जागे होतात. त्याला थकणं म्हणतात. म्हातारपण नव्हे.”

“तुमच्या पुन्यात नसन म्हनत,” तो म्हणाला, आणि गेला.

मी तास लिहिले. ज्या यादीमुळे डबल झाली ती यादी अहवालाला जोडली, आणि ती करणाऱ्याचं नाव, म्हणजे माझं, खाली लिहिलं. “आप ख़ुद को क्यों फँसा रहे हैं?” असं प्रमुखांनी विचारलं, पण सही केली. मी काही फसलो नाही. पुढच्या वर्षी मला सप्ताहाचा संयोजक करण्यात आलं.

शिफारशी सगळ्या मान्य झाल्या. क्रेनवर डबल बंद. तोंडी सूचना बंद, फक्त हाताच्या खुणा, आणि खूण करणारा माणूस वेगळा. मांडवात क्रेनचालकाला बोलवायचं नाही. त्यानंतर माझ्या माहितीत तिथे कोणाचं बोटही चेंगरलेलं नाही. चालकावर कारवाई झाली नाही. फक्त वैद्यकीय तपासणी झाली आणि ‘हलकं काम’ असा शेरा आला. त्याला भांडारात पाठवलं. पुन्हा वर चढू दिलं नाही. त्याचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर होता.

पुन्हा वेळ आली तरी मी तेच लिहीन. हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगतो, यावरून काय ते समजावं.

टपरीवर तो येईनासा झाला. भांडाराची वेळ साडेनऊची, त्यामुळे काही दिवस मी वेळेला दोष दिला.

मग एकदा मला भांडारात जावं लागलं. हातमोज्यांची मागणी होती, पन्नास जोड्या. तो खिडकीमागे चष्मा लावून बसला होता. मी म्हटलं, “काय, कसं चाललंय?”

त्याने कागद पाहिला, जोड्या मोजून पुढे ठेवल्या आणि वही फिरवली.

“साहब, यहाँ दस्तख़त कर दीजिए।”

तीस वर्षांची हिंदी, एकही चूक नाही. आवाजात राग नव्हता. राग असता तर मराठी आलं असतं.

मी सही केली. मग म्हटलं, “धन्यवाद.” तो शब्द दोन्हीकडे सारखाच. मी कुठल्या भाषेत बोललो ते त्याला कळलं नसणार.