तीन दिवस मागे राहणारे मास्तर

आमच्या उर्दूच्या मास्तरांइतका सुखानं तीन दिवस मागं राहून जगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. परंड्यात आज जे घडलं ते त्यांना आज कळे. पण परंड्याबाहेरच्या जगात जे काही घडे ते त्यांच्या लेखी तीन दिवसांनी घडे, कारण हैदराबादहून निघालेला त्यांचा उर्दू पेपर रेल्वेनं कुर्डुवाडीला आणि तिथून मोटारीनं परंड्याला यायला तीन दिवस घेई. स्टँडजवळच्या अण्णांच्या हॉटेलात रेडिओ होता आणि तो दिवसभर बोलत असे. मास्तर मात्र त्या हॉटेलावरून जाताना दोन्ही कानांत बोटं घालून मोठ्यानं पंधराचा पाढा म्हणत जात. बातमी आधी कळली तर तिची चव जाते, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांच्या मेहुण्यांची हैदराबादहून तार आली. घरातली सगळी माणसं घाबरून जमा झाली, पण मास्तरांनी ती न फोडताच उशाखाली ठेवली आणि म्हणाले, "तारेत नुस्ता निकाल असतोय. खेळ पत्रात असतो. पत्र येऊ द्या." पत्र आलंच नाही, कारण मेहुणे स्वतःच निघाले होते आणि बरोबर तीन मुलं घेऊन कुर्डुवाडी स्टेशनावर दिवसभर ट्रंकेवर बसून होते. त्यानंतर चाची, म्हणजे मास्तरांच्या बेगमसाहेबा, आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मास्तरांनी तेही शांतपणे घेतलं.

हा खेळाचा आणि निकालाचा हिशेब त्यांना लावला फुटबॉलनं. तरुणपणी ट्रेनिंगसाठी ते दोन वर्षं हैदराबादला होते. तिथं ते शिकवायला किती शिकले हे मला, त्यांचा विद्यार्थी म्हणून, बऱ्यापैकी ठाऊक आहे. पण फुटबॉल पाहायला ते फार मन लावून शिकले. त्या दोन वर्षांतला एक सामना त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितला की वर्गातल्या कुठल्याही पोराला तो झोपेतून उठवून विचारला असता तरी बिनचूक आला असता. पाऊस पडतोय, मैदानात चिखल झालाय, समोरचे बूट घातलेले गडी घसरून पडताहेत आणि डाव्या हाताला, चुन्याच्या रेघेवर, पलटणीतला एक साधा शिपाई अनवाणी उभा आहे. चेंडू त्याच्याकडे येतो आणि चिखलात रुतून थांबतो. तोही थांबतो. इथं मास्तरही थांबत, आणि आम्ही चाळीस पोरं श्वास धरून बसत असू. मग गोलकीपर पुढं धावून येतो आणि तो शिपाई पायाच्या अंगठ्यानं चेंडू अलगद उचलून त्याच्या डोक्यावरून पलीकडं टाकतो. "बूट असता पायात तर अंगठा कुठनं आणला असता?" असं विचारून मास्तर पुन्हा धड्याकडं वळत. त्या धड्यातलं मला आज काही आठवत नाही, हे कबूल करायला हवं.

पुढं मी शिकून त्याच शाळेत मास्तर म्हणून आलो, तेव्हा आनंदानं त्यांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी आशीर्वाद दिला, पण चेहरा पडलेला. शाळेत तोवर बरोबर अकरा मास्तर होते आणि त्या अकरांची त्यांनी मनातल्या मनात टीम लावलेली होती. हेडमास्तर मध्यभागी, गणिताचे आणि संस्कृतचे मास्तर दोन्ही बाजूंना बचावाला, ड्रॉइंगचे मास्तर सदा कोपऱ्यात बसून असत म्हणून गोलकीपर, आणि स्वतः ते डावीकडं, रेघेवर. स्टाफच्या मीटिंगला ते खरोखरच डावीकडच्या शेवटच्या खुर्चीवर बसत आणि तिथं दुसरं कुणी बसलं तर दारात उभे राहत. अशा भरल्या घरात मी बारावा आलो. "बेटा, फुटबॉलात बारावा नसतोय," त्यांनी मला फार हळुवारपणे समजावलं. "बारावा भायेर बसून लिंबं सांभाळतो. हाफटाइमला गड्यास्नी द्यायची." मी हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत मास्तर माझ्याकडं हात पसरू लागले आणि मी खरोखरच खिशात लिंबू ठेवू लागलो. तेरा वर्षांत ती सवय गेली नाही. कित्येकदा मला राग येई. शाळेत सगळ्यांत जास्त तास मी घेत होतो आणि मास्तरांच्या लेखी मी मैदानाबाहेर लिंबं धरून बसलो होतो.

तसं पाहिलं तर मैदानाबाहेर तेच गेले होते. निजामाचं राज्य गेलं, शाळा उर्दूची मराठी झाली आणि उभं आयुष्य उर्दूत शिकवलेल्या या माणसाला पंचेचाळिशीला नोकरीसाठी मराठीची परीक्षा द्यावी लागली. त्यांची तयारी मी करून घेतली. त्यांनी मला अलिफ गिरवायला शिकवलं होतं, मी त्यांना ज्ञ शिकवला. वही ते शेवटच्या पानापासून उघडत आणि मी ती उलटी करून देई, एवढंच आमचं भांडण. पुढं भाषेप्रमाणं राज्यं झाली आणि हैदराबाद दुसऱ्या राज्यात गेलं, तेव्हा मात्र ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी पेपर आला, तो त्यांनी नीट वाचला आणि मला म्हणाले, "आता झालं म्हणायचं." उर्दूचे वर्ग ओसरत गेले, शेवटी एकही पोरगा उरला नाही. त्यांना ड्रिलचा तास आणि सामानाच्या खोलीची किल्ली मिळाली. त्या खोलीत एक फुटबॉल होता. तो गावातल्या किल्ल्याच्या खंदकात पडून पडून इतका भिजलेला, की पोरं त्याला लाथ मारायच्या आधी विचार करत.

मग त्यांचे डोळे गेले. अगदी गेले नव्हते, पण मोतीबिंदू पिकत आला होता आणि पेपरातली बारीक अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली. गावात उर्दू वाचणारे होते, पण निकाल पोटात ठेवून खेळ वाचणारा त्यांना मिळेना. त्यामुळं ते काम माझ्याकडं आलं. शाळा सुटल्यावर आम्ही अण्णांच्या हॉटेलात बसायचो, अण्णा रेडिओ बंद करायचे आणि मी पेपर वाचायचो. त्या वर्षी जाकार्त्याला आशियाई देशांचे सामने होते. आपल्या फुटबॉल टीममध्ये हैदराबादची पोरं होती आणि ती पोरं मास्तरांना आपल्या अंगाखांद्यावर खेळलेली वाटत. दिवाळीला त्यांची नोकरी संपणार होती आणि दिवाळीनंतर सोलापूरला डोळ्यांचं ऑपरेशन. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. "हे सामने मला पुरे ऐकव," ते म्हणाले. "पुढच्या टायमाला मी आसंन, डोळे आसतील, पेपर येत आसंल, काय सांगावं. एवढे अख्खे पाहिजेत."

पहिलाच सामना आपण कोरियाशी हरलो. मी वाचताना आवाज बारीक केला, तर मास्तर म्हणाले, "मोठ्यानं वाच. हरलेलंबी पुरं ऐकायचं असतंय." मग आपण जिंकत गेलो. व्हिएतनामशी तीनास दोन असा जीव टांगणीला लावणारा सामना झाला, तो ऐकताना मास्तरांनी बशीतला चहा स्वतःच्या पायजम्यावर ओतून घेतला आणि त्यांना ते वाचून संपल्यावर कळलं. आता शेवटचा सामना आणि समोर पुन्हा तेच कोरियावाले.

तो सामना झाला त्या संध्याकाळी रेडिओनं निकाल सांगितला. आपण दोनास एक असे जिंकलो होतो. आशियात पहिले. हॉटेलात एकच गलका उठला आणि लगेच दाबला गेला, कारण मास्तर पंधराचा पाढा म्हणत रस्त्यानं येत होते. अण्णांना पेढे वाटावेसे वाटत होते, पण वाटले तर मास्तरांना कळणार. शेवटी त्यांनी काही न बोलता सगळ्यांच्या चहात साखर वाढवली. मास्तरांनी एक घोट घेतला. "आज गोड लई झालाय, अण्णा." "हात चुकला, मास्तर," अण्णा म्हणाले.

तीन दिवस काढणं गावाला सवयीचं होतं. पण तिसऱ्या दिवशी सीना नदीला पाणी आलं आणि कुर्डुवाडीची मोटार पलीकडंच अडकली. चौथा दिवस गेला. पाचवा गेला. शिंप्याच्या दुकानात, नळावर, शाळेच्या प्रार्थनेत, कुणीही एक अक्षर बोललं नाही. हेडमास्तरांनी पोरांना तंबी दिली होती की जो बोलेल त्यानं खंदकातून फुटबॉल काढायचा. मास्तर रोज स्टँडवर जाऊन उभे राहत आणि मोटारीच्या दिशेला, दिसत नसताना, बघत राहत. मला ते पाहवेना. चौथ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "मास्तर, सांगू का? नुसतं हरलो की जिंकलो एवढंच." त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला लिंबाचा वास येत होता.

सहाव्या दिवशी दुपारी मोटार आली. कंडक्टरनं पेपर माझ्या हातात दिला आणि मान खाली घातली. मोटार नदीकाठच्या पावसात उभी होती, गठ्ठा टपावर होता आणि पेपरचा नुसता लगदा झाला होता. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई फुटून सगळं निळंकाळं, एक ओळ लागत नव्हती. मास्तर माझ्या मागंच उभे होते. "आला?" त्यांनी विचारलं. मी आला म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो, मला अजून कळत नाही.

हॉटेलात सगळे आले होते. अण्णांनी रेडिओ बंद केला. मास्तर डावीकडच्या बाकावर, टोकाला बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मी तो ओला गोळा दोन्ही हातांत धरला आणि उर्दूत वाचायला लागलो. अण्णा चौथीपर्यंत उर्दूतच शिकलेले. त्यांनी माझ्या खांद्यावरून एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि न बोलता जाऊन भट्टीपाशी बसले. मी आयुष्यात फुटबॉलचा एकही मोठा सामना पाहिलेला नव्हता. दोनास एक एवढंच मला माहीत होतं आणि अख्खा सामना उभा करायचा होता. सुरुवात कशीबशी झाली. मी माणसं पळवली, गर्दीला ओरडायला लावलं, पहिला गोल दुरून मारून टाकला. मास्तरांचा चेहरा उजळला. मग दुसऱ्या गोलाची वेळ आली आणि माझ्यापाशी काही उरलं नाही. मी जे वाचत गेलो ते माझं मलाच नंतर ऐकू आलं. पाऊस पडत होता, मैदानात चिखल झाला होता, कोरियाचे गडी घसरत होते आणि डावीकडं, चुन्याच्या रेघेवर, आपला एक गडी अनवाणी उभा होता. चेंडू त्याच्याकडं आला आणि चिखलात रुतून थांबला. तोही थांबला.

मी तिथं थांबलो. घाबरून थांबलो होतो.

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत. "अनवाणी?" त्यांनी विचारलं. "आता तर बूट घातल्याबगर खेळू देत न्हायत."

"तसं छापलंय, मास्तर."

मास्तरांनी बोटानं बाकावर एक रेघ ओढली. मग म्हणाले, "छापलंय ना, मग वाच पुढं. त्यो थांबलाय, त्याला उभा ठेवू नको."

मी वाचलं. गोलकीपर पुढं आला, अंगठ्यानं चेंडू उचलला गेला, गोल झाला. पुढं मी कोरियाचा एक गोलही प्रामाणिकपणे होऊ दिला आणि सामना संपवला. आपण जिंकलो. मग अण्णांनी पाच दिवस दाबून ठेवलेले पेढे बाहेर काढले आणि माणसं पाच दिवसांचं एकदम बोलायला लागली. त्या गोंधळात मास्तरांनी माझ्याकडं हात पसरला. मी खिशातून लिंबू काढून दिलं. ते त्यांनी बाकावर ठेवलं आणि पुन्हा हात पसरला. त्यांना पेपर हवा होता. मी दिला. त्यांनी तो चाचपला, दोन्ही बाजूंनी हळूच दाबला, तेव्हा त्यांच्या बोटांमधून पाणी गळलं.

"लई दिवसांनी बघितला त्यो गोल," ते म्हणाले.

मग बाकाच्या टोकावरून ते थोडे आत सरकले आणि जिथं बसले होते त्या जागेवर हात थोपटून मला म्हणाले, "बस हितं. दिवाळीनंतर ही जागा तुझी. लिंबं दे दुसऱ्या कुणाला तरी."

मी बसलो. रडलो का, ते मला सांगता येणार नाही. अण्णांनी मात्र माझ्या चहात साखर घातली नव्हती आणि तरी तो मला गोड लागला एवढं आठवतं.

ऑपरेशन अर्धं साधलं. मास्तरांना पुढं माणसं दिसत, अक्षरं दिसत नसत, म्हणून माझं वाचन त्यांच्या अखेरपर्यंत चाललं. ते गेल्यावर चाचींनी त्यांच्या ट्रंकेतून एक पेपर काढून मला दिला. वाळून लाकडासारखा कडक झालेला आहे, उघडत नाही. मागं एकदा सोलापूरला एकजण म्हणाला की त्या वेळचे अंक हैदराबादच्या एका वाचनालयात जपून ठेवलेले आहेत, हवं तर जाऊन बघा, खरा गोल कसा झाला ते कळेल. मी नको म्हणालो. मीटिंगला मी अजून डावीकडच्या शेवटच्या खुर्चीवर बसतो, आणि खरा गोल कसा झाला ते मला माहीत आहे.